डिफेन्सची मासिकं नेटवर कशी वाचायची: भाच्यासाठी आणि बाकीच्या नवख्यांसाठी

परवा भाचा विचारत होता, "मामा, मला स्ट्रॅटेजीवर वाचायचंय, सुरुवात कुठून करू?" पोरगा बारावीत आहे, एनडीएची परीक्षा द्यायचं डोक्यात आहे, फोनवर डिफेन्सवाली अकरा यूट्यूब चॅनेलं सबस्क्राइब केलेली, आणि प्रत्येक थंबनेलवर कुणीतरी कुणाला तरी हादरवतंय. जेवताना त्याला जे तोंडी सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहितो. मी लष्करातला माणूस नाही, एका ऑफिसात इन्शुरन्स क्लेमच्या फायली बघतो, पण बारा-तेरा वर्षं हे वाचन चालू आहे आणि त्यातली पहिली पाच वर्षं मी जवळजवळ सगळं चुकीच्या पद्धतीने वाचलं, म्हणून माझा अनुभव तुम्हाला उपयोगी पडेल असं वाटतं.

२०१७ च्या गणपतीत आमच्या मंडळाने मला वीस मिनिटं बोलायला सांगितलं होतं. मी विषय घेतला 'गेरासिमोव्ह डॉक्ट्रिन' (डॉक्ट्रिन म्हणजे फौजेने अधिकृतपणे ठरवलेली लढण्याची पद्धत). रशियाच्या सेनाप्रमुखाने म्हणे नव्या युद्धाचा अख्खा आराखडाच लिहून ठेवलाय, अफवा, हॅकिंग, पैसा, आंदोलनं, सगळं एकत्र वापरायचं आणि सैन्य शेवटी. टाळ्या बिळ्या पडल्या. सोसायटीतले रिटायर्ड सुभेदार काका पहिल्याच रांगेत बसले होते, साताऱ्याकडचे, कमी बोलणारे. प्रसाद घेताना म्हणाले, "छान बोललास रे. तो मूळ लेख केवढा आहे?" मी म्हटलं असेल मोठा. "तू वाचलास ना?" नव्हता वाचला. मी त्या लेखाबद्दलचे सात-आठ लेख वाचले होते, आणि तेसुद्धा एकमेकांवरून लिहिलेले. मूळ लेखाचं पुढे काय निघालं ते खाली येतंच.

पायरी १: विषय धरू नका, एक प्रश्न धरा

'मला स्ट्रॅटेजी शिकायचीय' म्हणजे 'मला स्वयंपाक शिकायचाय' म्हटल्यासारखं झालं, आज वरण-भात की पुरणपोळी ते ठरत नाही तोवर गॅसच पेटत नाही. एक प्रश्न घ्या. भारत पाकिस्तानवर झटपट मर्यादित हल्ला करू शकतो का, ड्रोनमुळे रणगाडे निकामी झाले का, हिंदी महासागरात पाणबुड्या किती लागतात, काहीही. तीन महिने तोच एक. बाकीचं आपोआप कानावर पडत राहतं, त्याची काळजी करू नका.

पायरी २: कोण छापतंय ते आधी बघा

नेटवर सगळं एकाच फॉन्टमध्ये दिसतं त्यामुळे कर्नलचा अभ्यास, पत्रकाराची बातमी आणि कुणाचा तरी दुपारचा टाइमपास हे सारखेच वाटायला लागतात. छापील अंक हातात असला की कागदावरूनच कळायचं कोण बोलतंय. आता ते मुद्दाम बघावं लागतं.

ढोबळमानाने तीन घरं आहेत.

पहिलं घर म्हणजे फौजांची स्वतःची किंवा फौजांच्या अंगणातली नियतकालिकं. आपल्याकडे युनायटेड सर्व्हिस इन्स्टिट्यूशन, म्हणजे यूएसआय, १८७० मध्ये सिमल्यात सुरू झाली, आता दिल्लीत आहे, तिचं जर्नल ब्रिटिशांच्या काळापासून निघतंय. अमेरिकन नौदलवाल्यांचं 'प्रोसीडिंग्ज' १८७४ पासून, त्यांच्या लष्कराचं 'मिलिटरी रिव्ह्यू' १९२२ पासून, त्यांच्याच आर्मी वॉर कॉलेजचं 'पॅरामीटर्स' १९७१ पासून. इथे नोकरीतले अधिकारी आपसात भांडतात, आणि ते भांडण बाहेरच्या माणसाला वाचायला मिळतं हीच मजा. आपल्याकडे नोकरीतल्या अधिकाऱ्याला छापायला परवानगी लागते, त्यामुळे त्याचा सूर जपून असतो, आणि रिटायर झाला की तोच माणूस एकदम मोकळा लिहितो. म्हणून लेखकाच्या नावाखालच्या दोन ओळी कधीच सोडू नका, हुद्दा काय, अजून नोकरीत आहे का.

दुसरं घर संस्थांचं. आयडीएसए (इन्स्टिट्यूट फॉर डिफेन्स स्टडीज अँड ॲनॅलिसेस, आता तिच्या नावात मनोहर पर्रीकरांचं नाव आहे, म्हणून एमपी-आयडीएसए) नोव्हेंबर १९६५ मध्ये निघाली, यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री असताना. यशवंतराव म्हटलं की आपल्याला 'हिमालयाच्या मदतीला सह्याद्री' एवढंच आठवतं, पण बासष्टच्या पराभवानंतर या विषयाचा नीट अभ्यास करणारी संस्था हवी हे त्यांच्याच काळात प्रत्यक्षात आलं. तिचं 'जर्नल ऑफ डिफेन्स स्टडीज' फुकट वाचता येतं. लष्कराशी जवळीक असलेलं क्लॉज (सेंटर फॉर लँड वॉरफेअर स्टडीज) २००४ चं.

तिसरं घर बाजारातल्या मासिकांचं, 'इंडियन डिफेन्स रिव्ह्यू', 'फोर्स' वगैरे, आणि अमेरिकेत २०१३ पासून निव्वळ नेटवरच चालणारं 'वॉर ऑन द रॉक्स'. इथे भाषा सोपी असते, मतं धारदार असतात, जाहिराती पण असतात. जाहिरात कोणत्या कंपनीची आणि शेजारचा लेख कोणत्या विमानाबद्दल, एवढं सहज बघून ठेवायचं.

आणि हो, 'सैनिक समाचार' विसरू नका. १९०९ मध्ये 'फौजी अखबार' म्हणून सुरू झालं, १९५४ मध्ये नाव बदललं, आणि मराठीसकट तेरा भाषांत निघत आलंय. आपला पहिला दिवाळी अंक, का. र. मित्रांच्या 'मनोरंजन'चा, तोही १९०९ चाच, हे मला फार उशिरा लक्षात आलं. सुभेदार काकांच्या ट्रंकेत सैनिक समाचारचे मराठी अंक आहेत, नॅप्थलिनच्या वासाचे. त्यात स्ट्रॅटेजी नसते, सरकारी मासिक आहे ते, पण हुद्दे, रेजिमेंट, कोअर, कमांड हे शब्द मराठी वाक्यात कसे बसतात ते तिथे कळतं.

पायरी ३: लेख उलटा वाचा

आधी तारीख. मग लेखक. मग शेवटचे दोन परिच्छेद. मग तळटीपा. आणि मग पहिल्यापासून. हे ऐकायला विचित्र वाटेल पण क्लेमची फाइलसुद्धा मी अशीच वाचतो, आधी तारखा आणि सह्या, कहाणी नंतर, नाहीतर कहाणीत वाहून जायला होतं.

आता तो गेरासिमोव्ह. काकांनी विचारल्यावर मी लाजेने मूळ लेखाचं भाषांतर शोधलं आणि या पद्धतीने बसलो. तारीख: फेब्रुवारी २०१३, एका रशियन लष्करी साप्ताहिकात, जानेवारीत दिलेल्या भाषणावरून. म्हणजे रशियाने युक्रेनचा क्रिमिया घेतला त्याच्या आधी एक वर्ष. आणि मजकूर काय, तर अरब देशांतल्या उठावांकडे बघून गेरासिमोव्ह म्हणतायत की पश्चिमी देश आजकाल असं युद्ध करतात, लष्करी आणि बिगरलष्करी उपायांचं प्रमाण एकास चार झालंय, आणि आपण यात मागे आहोत, आपल्या लष्करी विज्ञानाने जागं व्हावं. म्हणजे माणूस समोरच्याची चाल सांगतोय (त्याला वाटते ती), आणि आपण सगळे ती त्याचीच योजना म्हणून वाचत बसलो.

हे झालं कसं? जुलै २०१४ मध्ये, क्रिमिया घेऊन झाल्यावर, मार्क गॅलिओटी या रशियाच्या ब्रिटिश अभ्यासकाने त्या लेखाचं इंग्रजी भाषांतर आपल्या टिप्पणीसह नेटवर टाकलं आणि मथळा चटपटीत हवा म्हणून 'गेरासिमोव्ह डॉक्ट्रिन' असं नाव दिलं. टिप्पणीत त्याने हे खरंखुरं डॉक्ट्रिन नाही असं म्हटलंही होतं, पण ते कोण वाचतंय. नाव पळालं. मार्च २०१८ मध्ये त्याने स्वतः 'फॉरेन पॉलिसी'त लेख लिहून हे नाव जन्माला घातल्याबद्दल माफी मागितली. माझं भाषण होऊन जेमतेम सहा महिने झाले होते. तो लेख मी प्रिंट काढून काकांना नेऊन दिला. त्यांनी चष्मा लावून पूर्ण वाचला, घडी घातली आणि म्हणाले, "म्हणजे बारसं वेगळ्याने केलं आणि बापाचं नाव भलत्याचं लावलं."

पायरी ४: तीन ओळींची चिठ्ठी

प्रत्येक लेखाला एक चिठ्ठी. पोस्टकार्डाएवढा कागद, किंवा वहीचं अर्धं पान. पहिली ओळ: म्हणणं काय. दुसरी: कोण, कुठे, कधी. तिसरी: याच्या विरोधात कोण काय म्हणालं. बस. तिसरी ओळ सापडत नाही तोवर चिठ्ठी पुरी झाली असं धरायचं नाही. मी ॲपमध्ये करून बघितलं, नाही टिकलं, ॲपमध्ये मजकूर चिकटवता येतो त्यामुळे माणूस चिकटवतच सुटतो. हाताने लिहायचा कंटाळा असतो म्हणूनच तीन ओळीत आटपतं.

आणि चिठ्ठी मराठीत लिहा. हे मी हट्टाने सांगतो. इंग्रजीत 'डिटरन्स' लिहून पुढे जाता येतं, मराठीत लिहायला बसलं की पहिलाच प्रश्न, डिटरन्स म्हणजे काय? धाक? जरब? पेपरवाले 'प्रतिरोधन' लिहितात ते कुणाच्या तोंडात बसत नाही. मी 'धाक' लिहितो, आणि मग लगेच दुसरा प्रश्न पडतो, कुणाला कशाचा धाक? तिथेच निम्मे लेख उघडे पडतात. तसंच 'स्ट्रॅटेजी' आणि 'टॅक्टिक्स'. डावपेच हा कुस्तीचा शब्द, समोरासमोरच्या झटापटीतला, तो टॅक्टिक्सला चपखल आहे. रणनीती म्हणजे मुळात कुस्ती कुणाशी आणि कशासाठी लावायची ते. पण आपल्याकडे निवडणुकीत तिकीटवाटप झालं तरी 'रणनीती ठरली' आणि क्रिकेटमध्ये तिसरा स्पिनर घेतला तरी 'रणनीती'. आणि 'गनिमी कावा' तर विचारूच नका, जगात कुठेही चार माणसांनी लपून हल्ला केला की आपल्याकडे गनिमी कावा झाला. हे शब्द स्वतःपुरते पक्के करून घ्या, वहीच्या मागच्या पानावर.

पायरी ५: एका कल्पनेचा माग काढा

हा खरा अभ्यास, याला दोनतीन रविवार द्या. सरावाला 'कोल्ड स्टार्ट' घ्या, म्हणजे पाकिस्तानवर झटपट मर्यादित हल्ला करायची आपल्या लष्कराची कल्पना, आपल्याच घरचं आहे आणि बहुतेक सगळं नेटवर सापडतं.

माग असा लागतो. १३ डिसेंबर २००१ ला संसदेवर हल्ला झाला, ऑपरेशन पराक्रम सुरू झालं, फौज सीमेकडे निघाली. आपल्या तेव्हाच्या तीन स्ट्राइक कोअर, म्हणजे खोलवर मुसंडी मारणाऱ्या मोठ्या फौजा, मथुरा, अंबाला आणि भोपाळला. भोपाळपासून राजस्थानची सीमा किती लांब ते नकाशात एकदा बघा, म्हणजे जमवाजमवीला तीनेक आठवडे का लागले ते कुणी समजवायला नको. तेवढ्यात १२ जानेवारीला पाकिस्तानच्या मुशर्रफांचं टीव्हीवर भाषण झालं, अमेरिकेचा दबाव आला, आणि वेळ निघून गेली. त्यातून विचार आला की महाकाय कोअरऐवजी सीमेजवळ छोटे, सगळी शस्त्रं एकत्र असलेले गट ठेवायचे, काही दिवसांत आत घुसायचं, थोडा भूभाग घ्यायचा, अणुबाँबची वेळ येण्याआधी थांबायचं. एप्रिल २००४ मध्ये लष्कराने हे मांडलं आणि कोल्ड स्टार्ट हे नाव सगळीकडे झालं.

इथून पुढे चिठ्ठ्यांची गंमत सुरू होते. वॉल्टर लॅडविग नावाच्या अभ्यासकाने २००७-०८ च्या 'इंटरनॅशनल सिक्युरिटी' या अमेरिकन नियतकालिकात मोठा लेख लिहिला, त्याचा सूर असा की कागदावर जे आहे ते जमिनीवर उतरायला अजून बराच अवकाश आहे. सप्टेंबर २०१० मध्ये सेनाप्रमुख जनरल व्ही. के. सिंग म्हणाले असं काही नाहीच. त्याच वर्षाच्या शेवटी गुप्त कागद फोडणाऱ्या विकिलीक्समधून अमेरिकन राजदूताची फेब्रुवारीतली केबल (मायदेशी पाठवलेला गुप्त अहवाल) बाहेर आली, त्यात कोल्ड स्टार्ट म्हणजे थोडं मिथक थोडं वास्तव असं वर्णन. एप्रिल २०११ मध्ये पाकिस्तानने साठ किलोमीटर पल्ल्याच्या, अणुबाँब नेऊ शकणाऱ्या 'नस्र' क्षेपणास्त्राची चाचणी घेतली, आणि तिचा संबंध तिकडच्या आणि इकडच्या लेखकांनी सरळ कोल्ड स्टार्टशी जोडला, म्हणजे जी गोष्ट नाहीच म्हणतायत तिच्यावर उतारा आधी तयार. आणि जानेवारी २०१७ मध्ये नवे सेनाप्रमुख जनरल बिपिन रावत एका मुलाखतीत म्हणाले की हो, कोल्ड स्टार्ट आहे.

या पाच-सहा चिठ्ठ्या तारखेप्रमाणे टेबलावर ओळीने मांडा. मी मांडल्या तेव्हा एक गोष्ट दिसली जी एकेक लेख वाचताना कधी दिसली नव्हती: 'नाही' म्हणणारा आणि 'आहे' म्हणणारा दोघंही सेनाप्रमुखच होते, आणि दोघांचं बोलणं आपल्या वाचकांसाठी नव्हतंच, पलीकडच्यांसाठी होतं. सेनाप्रमुखाची मुलाखत हीसुद्धा एक चाल असू शकते हे मला त्या दिवशी टेबलावर कळलं, चहा गार झाला होता.

हे जमलं की मग जुना एखादा माग घ्या. मला सगळ्यात आवडतो तो असा. १९१७ मध्ये टी. ई. लॉरेन्स या ब्रिटिश अधिकाऱ्याने अरबांबरोबर काम कसं करावं यावर सत्तावीस कलमं लिहिली, ती छापली गेली कैरोतून निघणाऱ्या 'अरब बुलेटिन'मध्ये, जे मोजक्याच अधिकाऱ्यांसाठी काढलेलं गुप्त पत्रक होतं. २००६ मध्ये डेव्हिड किलकलन या ऑस्ट्रेलियन अधिकाऱ्याने इराक-अफगाणिस्तानातल्या कंपनी कमांडरांसाठी अठ्ठावीस कलमं लिहिली, एक जास्त, मुद्दाम. ती आधी ईमेलने फिरली, या कॅप्टनकडून त्या कॅप्टनकडे, आणि मग 'मिलिटरी रिव्ह्यू'ने छापली. म्हणजे मासिक मागून आलं. दोन्ही नेटवर आहेत, दोन्ही छोटी आहेत, एका रविवारी दोन्ही होतात, आणि नेटमुळे नक्की काय बदललं ते कुठल्याही भाषणापेक्षा नीट समजतं.

पायरी ६: सामानसुमान, वेळ, पैसा

यात फार रमू नका, लोक इथेच महिनाभर घालवतात.

अल्गोरिदमच्या भरवशावर राहायचं नाही. मासिकाच्या साइटवर न्यूजलेटर असेल तर त्याला वेगळा ईमेल द्या, ऑफिसचा नको. आरएसएस (संघ नव्हे, साइटवरचे नवे लेख आपोआप एका जागी आणून देणारी सोय) अजून चालतं, त्यासाठीचा गूगल रीडर २०१३ मध्ये बंद केल्याचं दुःख मला अजून आहे पण दुसरे रीडर आहेत. सहा स्रोत पुरे, सातवा घ्यायचा तर एक काढायचा. पीडीएफचं नाव 'डाउनलोड(३)' असं ठेवू नका, आधी वर्ष, मग लेखकाचं आडनाव, मग दोन शब्द. लिंक मेलेली निघाली तर वेबॅक मशीनमध्ये (जुनी वेबपानं साठवून ठेवणारी साइट) तो पत्ता टाकून बघा, जुन्या साइट्सचे लेख मला तिथेच मिळालेत.

पैसे सुरुवातीला अजिबात लागत नाहीत. मिलिटरी रिव्ह्यू आणि पॅरामीटर्स फुकट आहेत, जुन्या अंकांसकट. छापील अंक वाचायचाच असेल तर रद्दीवाल्याला सांगून ठेवा. माझ्या रद्दीवाल्याला 'विमानाचं पुस्तक' एवढं सांगितलंय, एकदा त्याने एअरलाइनच्या सीटमागचं मासिक आणून दिलं, पण दोनदा खरंच चांगले जुने अंक मिळाले, वजनावर. आणि जुना अंक वाचण्यात एक वेगळाच फायदा आहे, त्यातलं भाकीत खरं ठरलं की नाही ते तुम्हाला आधीच माहीत असतं. कोणता लेखक सारखा चुकतो ते चटकन कळतं.

वेळ म्हणाल तर मी रविवारी सकाळी दोन तास देतो, आठवड्यात फक्त गोळा करतो, लोकलमध्ये किंवा जेवणाच्या सुट्टीत मथळे बघायचे, 'नंतर' म्हणून टाकायचं, आणि रविवारी त्यातलं निम्मं न वाचता डिलीट करायचं. तीन दिवसात शिळं झालं ते मुळात बातमी होती.

यूट्यूब बघूच नका असं म्हणत नाही, रिटायर्ड अधिकाऱ्यांची तास-तासाची व्याख्यानं तिथे उत्तम आहेत. पण 'ऊडा लूप' समजावणारे पाच मिनिटांचे व्हिडिओ बघितलेत ना, चार बाणांचं गोल चक्र, बघा-अंदाज घ्या-ठरवा-करा, आणि मग ते बिझनेसमध्ये कसं वापरायचं? ज्याचा तो विचार, तो अमेरिकन हवाई दलातला जॉन बॉइड, फारसं लिहून न ठेवता तासन्‌तास स्लाइड दाखवत बोलायचा, आणि शेवटच्या काळात त्याने स्वतः काढलेली आकृती म्हणजे बाणांचं जाळं आहे ज्यात 'अंदाज घेणं' हा भाग सगळ्यावर पसरलेला आहे. गोल चक्र दिसलं की समजा, सांगणाऱ्याने मूळ बघितलेलं नाही. माझ्या गणपतीतल्या भाषणासारखंच.

एक सक्त सूचना

वाचन वाढलं की हौस वाढते, मग रेल्वेवरून रणगाडे चाललेले दिसले की व्हिडिओ काढून टाकावासा वाटतो. टाकायचा नाही. २६/११ ला टीव्हीवरचं लाइव्ह कव्हरेज पलीकडे बसलेले सूत्रधार बघत होते, सुप्रीम कोर्टाने २०१२ च्या कसाब निकालात चॅनेलवाल्यांना यावरून चांगलंच सुनावलंय. एप्रिल २०२५ मध्ये सरकारनेही पुन्हा तशी सूचना काढली होती. यावर वाद घालायला मी तयार नाही.

भाच्याला मी सध्या एक नवा माग दिलाय. २०२५ च्या कारगिल विजय दिनी सेनाप्रमुखांनी 'रुद्र' ब्रिगेडची घोषणा केली, पायदळ, रणगाडे, तोफा, ड्रोन सगळं एकाच ब्रिगेडमध्ये. हे कोल्ड स्टार्टमधल्या त्या छोट्या गटांचंच पुढचं रूप आहे की वेगळं काही, हे शोधून आण म्हटलं. मागच्या रविवारी आला होता चिठ्ठी घेऊन. पहिली ओळ चांगली लिहिलीय, दुसरीत तारीख आणि जागा बरोबर आहे, अक्षर भयंकर. तिसरी ओळ कोरी आहे. म्हटलं, ती भरेपर्यंत चॅनेलं बंद.